संतोषच्या नावावरच्या धावा

जिल्हा कारागृहातून,
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. सौ. दर्शनाताईस,
धाकट्या कपिलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. आयुष्यात तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र असेल. इथे आठवड्याला एक फोन मिळतो. तो मी आईला करतो, कारण तिला वाचता येत नाही. तुला येतं, म्हणून तुझ्या वाट्याला माझं अक्षर आलं. कडावहून तुला इथवर भेटीला कोणी सोडणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ओढाताण करू नकोस. पत्र बाहेर जाण्याआधी इथले साहेब वाचतात. त्यांच्यासाठी तरी नीट लिहितो.

वीस जणांच्या बराकीत आम्ही पंचेचाळीस आहोत. कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. तुझी आमटी पातळ असते असं मी तुझ्या लग्नापासून म्हणत आलो, ते शब्द आज बिनशर्त मागे घेतो. संध्याकाळी काही जण चिंध्यांचा चेंडू करून अंगणात खेळतात. मी खेळाडू आहे हे कुणीतरी सांगितल्यामुळे रोज बोलावणं येतं. मी जात नाही. नको वाटतं.

आता कामाचं. समीक्षा मॅडमनी, म्हणजे आपल्या वकीलबाईंनी, त्या शनिवारचं सगळं क्रमाने लिहून मागितलंय. तुला ते माहीतच आहे, पण त्यांच्यासाठी इथेच लिहितो. पत्र त्यांच्या कर्जतच्या ऑफिसात नेऊन दे.

आमच्या पतपेढीत तिजोरीला दोन चाव्या. एक शाखाधिकारी साहेबांकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, आणि उघडलं की दोघांनी वहीत वेळ टाकून सही करायची. दोन माणसांनी एकमेकांवर नजर ठेवावी म्हणून ही रीत. १५ फेब्रुवारीला मी सकाळी खोपोलीला गेलो, मस्टरवर सही केली, साडेअकराला माझी चावी साहेबांकडे दिली आणि मोटरसायकल काढली. हे पहिल्यांदा घडलं असं म्हणणार नाही. सहा वर्षं प्रत्येक मोसमात मी असाच सामन्याला जात होतो. साहेबांना क्रिकेटचं वेड. "जा, जिंकून ये," म्हणायचे. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस!

फायनल दहिवलीच्या मैदानावर होती. स्पर्धा गावापुरती. आधार कार्ड ज्या गावाचं, त्याच गावाकडून खेळायचं, आणि पंधरा जणांची यादी एकदा दिली की बदलायची नाही. तुझ्या दिराचं, संतोषचं, बोट गुरुवारी मोडलं आणि कडावकडून त्याच्या नावावर मी, भिसेगावचा, उतरलो. नाणेफेकीला कप्तान जितेशने कार्ड दाखवलं संतोषचं, मैदानात माणूस मी. टोपी कपाळावर ओढलेली, गालांना पांढरं मलम फासलेलं. गावोगाव असं चालतं. पण उघड झालं तर ढाल परत द्यावी लागते आणि गाव पाच वर्षं बाद होतं.

मी एकोणीस चेंडूंत सत्तेचाळीस केले. गुणपत्रकात ते संतोषच्या नावावर आहेत. सामना यूट्यूबवर आहे, पण कॅमेरा लांब, आणि निवेदक बेंबीच्या देठापासून संतोष, संतोष ओरडतोय. सामनावीराचं बक्षीस घ्यायला पट्टी बांधलेला हात खिशात घालून खरा संतोष गेला, म्हणजे फोटोतही तोच. माझा मोबाईल मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो होतो, मुख्य कार्यालयाचा फोन आला तर त्यांनी सांभाळून घ्यावं म्हणून. त्यामुळे टॉवरच्या हिशेबाने मी दिवसभर खोपोलीतच आहे. दुसऱ्या कुठल्या कामात मी इतका काटेकोर नव्हतो.

संध्याकाळी परत गेलो तेव्हा साहेबांनी वही पुढे केली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिजोरी उघडल्याची नोंद होती आणि माझ्या सहीची जागा मोकळी. म्हणाले, गिऱ्हाईक आलं होतं, उघडावी लागली, सही टाक. मी जिंकून आलो होतो. टाकली.

जूनमध्ये तपासणीस आले, गहाण सोन्याची पाकिटं फोडली, तर बावीस पाकिटांत पितळ. साहेब फिर्यादी झाले. त्यांचं म्हणणं, त्या दुपारी दोघांनी मिळून तिजोरी उघडली आणि मग कपिल एकटाच आत थांबला. वही त्यांच्या बाजूने बोलते.

ताई, मला फार काही नको. एक दहाला कपिल मैदानावर होता, एवढं संतोष आणि जितेशने मॅडमसमोर लिहून द्यावं. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

दाजींना जयभीम, रियाला मामाचा पापा. कळावे. लोभ आहे तो असाच राहू दे, सध्या माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुझा,
कपिल


कडाव,
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. कपिल यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने ते सासऱ्यांच्या हातात दिलं, त्यामुळे माझ्याकडे येईपर्यंत घरात सगळ्यांचं वाचून झालं होतं. माझंही पत्र पेटीत पडण्याआधी ते बघतील. तुझ्याकडे साहेब, माझ्याकडे सासरे. तेव्हा मी काय लिहिते आणि काय नाही, ते समजून घे.

आधी गोड बातमी. संतोष पोलीस भरतीत लागला. यादीत नाव आलं तेव्हा सासरे अंगणात खालीच बसले. जन्मभर त्यांनी मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसची राखण केली, येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकला. या घरातला पहिला सरकारी माणूस. आता चारित्र्य पडताळणी व्हायची आहे. पोलीस गावात येऊन चौकशी करतात, कुठे काही खोटंनाटं, कुठली केस तर नाही ना, असं. ती झाली की प्रशिक्षण.

लावणी आटोपली. भात यंदा बरं दिसतंय. रिया दुसरीत गेली आणि वर्गात मॉनिटर झाली, आता घरातही सगळ्यांना हात वर करून बोलायला लावते. आणि ऐक, सासऱ्यांनी मला नवा मोबाईल घेऊन दिला. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी मला स्वतःहून दिलेली ही पहिली वस्तू. जुना दुकानात देऊन टाकला, त्याची काच तशीही फुटलीच होती.

तुझं म्हणणं मी घरात काढलं. सासरे ओरडले नाहीत. शांतपणे विचारलं, "तुजा भाव आत गेला, आता माज्या पोराला बी घालतेस काय?" हे जेवत होते, ते जेवतच राहिले. संतोष उठून बाहेर गेला. घाई करून काही होत नाही रे. ताकही फुंकून प्यावं अशी वेळ आहे. मी बघते, बोलते. मॅडमना पत्र नेऊन दिलं.

पोटभर जेवत जा. तुझा राग नाकावर असतो, तो तिथे खिशात ठेव. कळावे. ममता आहे, ती कुठे जात नाही.

तुझी,
ताई


जिल्हा कारागृहातून,
दि. ७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
कपिलचा जयभीम. वि. वि.

संतोषचं अभिनंदन. मनापासून. पहाटे धावायला मीच त्याला माझे बूट दिले होते, आता त्या बुटांना सरकारी पगार मिळेल.

तू लिहितेस, घाई करू नको. मला इथे दोन महिने होत आले. राग खिशात ठेव म्हणतेस, माझ्या सदऱ्याला खिसा एकच आहे आणि त्यात तुझं पत्र आहे. सासरे हे पत्र वाचणार असतील तर वाचू देत. त्यांनीही आठवावं. शुक्रवारी संध्याकाळी मला फोन कुणाचा आला होता? मी नको म्हणत होतो. शनिवारी पाकिटं मोजायची होती. तू म्हणालीस, जितेश दारात येऊन बसलाय, सासरे पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागतायत, माझी मान राख. मी तुझी मान राखायला गेलो होतो, ताई. ढालीसाठी गेलो नव्हतो.

बरं, संतोषला बाजूला ठेवू. जितेशलाही ठेवू. एक गोष्ट मला काल आठवली आणि मी अंथरुणात उठून बसलो. बाद होऊन मी बांधाजवळ पाणी प्यायला आलो, टोपी काढली, तोंड धुतलं, तेव्हा रियाने तुझ्या मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला होता. मामा, इकडे बघ, असं ओरडत होती. मागे धावफलक दिसतो. चेहरा, तारीख, वेळ, सगळं त्यात आहे. त्या संध्याकाळी तू मला तो दाखवला होतास. मी हसलो होतो, पुसून टाक म्हणालो होतो, तू म्हणालीस, राहू दे, रियाची कला आहे.

जुना मोबाईल दुकानात दिला म्हणतेस. पण दुकानदार फोटो-व्हिडिओ सगळे नव्या मोबाईलमध्ये भरून देतात. शोध. तेवढा मॅडमना पाठव, मग मला कुणाच्या शब्दाची गरज नाही. बघ आणि लगेच लिही.

कळावे. लोभ असावा, आणि तो व्हिडिओही असावा.

कपिल


कडाव,
दि. २१ सप्टेंबर २०२५

चि. कपिल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या मोबाईलमध्ये सगळं आलं नाही. रियाचे वाढदिवसाचे फोटो आहेत, पण फेब्रुवारीचं काही दिसत नाही. दुकानात जाऊन विचारलं. तो म्हणाला, जुना मोबाईल पुढे गेला, आता काही होणार नाही. मला माफ कर.

जितेशकडे मीच गेले होते. त्याने खाली मान घालून सांगितलं की टीमची बैठक झाली. पाच वर्षं गाव बाद व्हायचं तर विशीतली पोरं काय करतील, म्हणून कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं. तुझ्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतं म्हणाला. वर्गणी काढून वकिलाला देऊ म्हणाला. मी नको म्हटलं.

परवा भिसेगावला आईकडे तासभर गेले. ती आता बोअरिंगवर पाण्याला सगळ्या बायकांच्या आधी जाते, उजाडायच्या आत. शेजारच्या चिमाकाकूच्या पाटल्या त्या पाकिटांत होत्या. काकू शिव्याशाप देत नाही, पण रोज आईला विचारते, कपिल काय म्हणतो, कधी मिळतील? तुझ्याकडे बघूनच तिने तिथे ठेवल्या होत्या. आई म्हणाली, भांडली असती तर बरं झालं असतं.

माझ्यावर चिडू नकोस. मी मधे सापडले आहे. कळावे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


कडाव,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. कपिलदादांस,
संतोषचा मानाचा जयभीम. वि. वि.

दादा, मी पत्र लिहितोय हे घरात माहीत नाही. कर्जतला अभ्यासिकेत बसून लिहितोय. तुम्ही माझ्यासाठी उतरलात आणि मी गप्प बसलोय. सामनावीराची ढाल वहिनीने टीव्हीवर ठेवली होती, ती मी कपाटात टाकली. बघवत नाही.

मी आज आधार कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलं असं लिहून दिलं, तर पडताळणीतच बाद होईन. माझं वय पंचवीस. पुढची भरती कधी होईल सांगता येत नाही. बाबा म्हणतात, तोंड उघडलंस तर विहीर जवळ करीन. ते बोलतात तसं करणारे आहेत.

मला फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या. एकदा हजर झालो, पट्टा मिळाला, की मी स्वतः मॅडमकडे जाईन आणि सगळं लिहून देईन. बुद्धांची शपथ घेऊन सांगतो. वहिनीला दोष देऊ नका, घरात तिची फार कुचंबणा होते.

कळावे. राग असावा, पण लहान भावावर असतो तेवढाच असावा.

आपला,
संतोष


जिल्हा कारागृहातून,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
कपिलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

जामीन फेटाळला. मॅडम म्हणाल्या, न्यायाधीशांनी वहीतली सही पाहिली आणि पान उलटलं नाही. पुन्हा अर्ज करायचा तर हातात नवीन काहीतरी हवं.

संतोषचं पत्र आलं. सासऱ्यांना सांगू नकोस म्हणावं तर ते हेही वाचणार, म्हणून एवढंच लिहितो की त्याने जे कबूल केलंय ते मला मान्य आहे. फेब्रुवारीपर्यंत मी थांबतो. आणखी तीन महिने काढीन. एक दिवस इथे राहिलेला माणूस चार महिनेही राहू शकतो, हे मला कळलंय.

बराकीत वेळ भरपूर असल्यामुळे मी माझ्या आयुष्याचं गुणपत्रक मांडत बसतो. आपले बाबा रेल्वेत गँगमन. रुळाच्या कडेला आम्ही खेळायचो आणि बाबा गाडी आली की लांबूनच हात करायचे. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला निवड चाचणीला गेलो. तिथे लेदरचा चेंडू, मी टेनिसच्या चेंडूवर वाढलेला. तिसऱ्याच चेंडूवर यष्टी उडाली आणि निवड करणाऱ्या साहेबांनी नाव विचारायच्या आधी पुढच्याला बोलावलं. येताना मी सगळ्यांच्या नजरा चुकवत आलो. तू मात्र ओट्यावरून विचारलंस, काय रे, मुंबई विकत घेतलीस का? तेव्हा फार राग आला होता. मग सहकार चषकात पतपेढीच्या चेअरमननी मला खेळताना पाहिलं आणि कामावर घेतलं. बी.कॉम.चं प्रमाणपत्र त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा वाटलं, बॅटने आपल्याला खुर्ची दिली. खरं सांगू, काम मला आवडायचं. बायका मंगळसूत्र काढून काट्यावर ठेवायच्या तेव्हा नजर दुसरीकडे वळवायच्या. मी ते हलक्या हाताने उचलायचो, पाकिटावर नाव त्यांना दिसेल असं मोठं लिहायचो. आता त्याच बायका मला चोर म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. चावी माझी होती. ती मी सहा वर्षं दुसऱ्याच्या हातात देत आलो.

हल्ली मी संध्याकाळी अंगणात पंच म्हणून उभा राहतो. खेळत नाही. एकजण पायचीत दिलं म्हणून माझ्या अंगावर आला, खुनाच्या खटल्यातला. मी निर्णय बदलला नाही. जिवाची भीती नसली की माणूस चांगला पंच होतो.

तू मधे सापडलीस, ते कळतं मला. मागच्या पत्रात फार लागेल असं लिहिलं. विसर. कळावे. लोभ वाढवायला जागा नसली तरी आहे तो घट्ट धर.

तुझा,
कपिल


भिसेगाव,
दि. १ फेब्रुवारी २०२६

चि. कपिल यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तारखेवरचं गाव वाचून तुला कळलं असेल. हे पत्र आईच्या घरातून लिहिते आहे. इथे कुणी वाचणार नाही. तुझ्याकडचे साहेब वाचतील तर वाचोत, त्यांनाही कळू दे तुझी बहीण कशी आहे.

दुकानदाराने काही हरवलं नाही. तो व्हिडिओ मी पुसला. तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणी माझा हात धरला नव्हता. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिसाचं घरात काय काय हाय?" मी म्हणाले, काही नाही. आणि मोरीत गेले, कडी लावली, एकदा सगळा बघितला आणि पुसला. तू पाणी पीत होतास. चार दिवसांनी नवा मोबाईल आला. तो मी घेतला, आणि वाडीतल्या बायकांना दाखवत फिरले. तुझं पत्र आलं तेव्हा तो माझ्या हातात होता.

का केलं, ते सांगते. मला वाटलं, तू खरा आहेस, खरा माणूस आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तोवर संतोषचं काम होऊन जाईल. आणि त्या घरात नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला सगळे आपली म्हणत होते. तुझ्या सत्तेचाळीस धावांनी माझी मान उंच झाली होती रे. ती खाली जाऊ नये म्हणून मी तुला खाली ढकललं.

संतोष पाच जानेवारीला हजर झाला. पंधरा दिवस वाट बघून मी फोन केला. तो म्हणाला, वहिनी, आता तर मी वर्दीत आहे, आता बोललो तर थेट बडतर्फ. म्हणाला, दादांना सांगा मी मेलो. त्यानंतर तो फोन उचलत नाही. तो वाईट नाही. आपल्यासारखाच आहे.

मग मी मॅडमकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र करून दिलं. सगळं त्यात आहे. फोन मी केला होता, कार्ड संतोषचं होतं, खेळलास तू, व्हिडिओ पुसला मी. वीस तारखेला जामिनाच्या नव्या अर्जासोबत मॅडम ते कोर्टात लावणार आहेत. घरी येऊन मीच सांगितलं. चोरून काही करायचं नव्हतं. सासऱ्यांनी माझी पिशवी ओट्यावर आणून ठेवली. सासूबाई रडत होत्या, पण आतूनच. हे दारात उभे राहून चपलांकडे बघत होते.

रिया शाळेत होती. मी थांबते म्हणाले, तिला घेऊन जाते. सासरे म्हणाले, कागद परत आण आणि ये, घर तुझंच हाय. नायतर पोर आमची हाय, ती इथंच राहील. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी सांगितलं, तिच्या वडिलांचं पत्र आलंय, तुम्हाला भेटू देता येत नाही. मधल्या सुट्टीत कुंपणाबाहेर उभी राहिले. ती डबा खात होती. भाजी बाजूला काढत होती. माझ्याकडे तिने बघितलं की नाही, कळलं नाही. दहा दिवस झाले, मी रोज जाते. आई म्हणते, पोरीसाठी परत जा. मग तीच म्हणते, त्याला कसा सोडशील?

मी कागद मागे घेणार नाही. तुला एकदा पुसलं, पुन्हा पुसायचं नाही. लोभ असावा असं कुठल्या तोंडाने लिहू? शिव्या दे, पण उत्तर दे.

ताई


जिल्हा कारागृहातून,
दि. ११ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
कपिलचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस न उघडल्यासारखं घेऊन फिरलो. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. ते इथल्या साहेबांनाही वाचायला देण्याजोगं नव्हतं.

मला तुझा राग आहे. तो गेलेला नाही आणि जाईल असं आज तरी वाटत नाही. सप्टेंबरमध्ये तो व्हिडिओ आठवला तेव्हा मी अंथरुणात बसून हसलो होतो. शेजारच्याला उठवून सांगितलं होतं, सुटलो म्हणून. आता तो रोज विचारतो, काय झालं त्या व्हिडिओचं? तुला हेही माहीत असावं, की तो व्हिडिओ असता तर मी एवढा शहाणा झालो नसतो. संतोषची वर्दी उतरली असती तरी तो कोर्टात लावला असता. तुझं घर मोडलं असतं तरी लावला असता. तेव्हा मी पुढे जे लिहितोय, त्याला माझा चांगुलपणा समजू नकोस.

मॅडम काल भेटीला आल्या. तुझा कागद त्यांनी जाळीतून वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे, माझा भाऊ कपिल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दहिवलीच्या मैदानावर फलंदाजी करत होता आणि मी बांधावर बसून ते पाहत होते. सात महिन्यांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. इतकी माणसं त्या दिवशी तिथे होती. मी मॅडमना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग रडलो. मॅडम कागद नीट करत बसल्या.

नंतर मी विचारलं, याने काय होईल? त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात. म्हणाल्या, सख्ख्या बहिणीचा शब्द आहे, आणि पुरावा तिनेच नष्ट केलाय, सरकारी वकील उडवून लावतील. तरी लावू. कदाचित त्यावरून कोर्ट संतोषला आणि जितेशला बोलावेल. ते कदाचित खरं बोलतील. वर्ष जाईल, दोन जातील. दुसरा धागा हातात नाही. मी विचारलं, तोवर रिया?

मी त्यांना सांगितलं, कागद लावू नका.

त्या चिडल्या. अशिलाने असा मूर्खपणा करू नये म्हणाल्या. दोन दिवस विचार कर म्हणाल्या. मी लिहून दिलं आणि सही केली. ही सही मात्र वाचून केली.

तू त्यांच्याकडे जा, कागद घे आणि सासऱ्यांच्या हातात दे. फाडतील तर फाडू दे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, माफी मागायला लावली तर माग. दाजींना काही बोलू नकोस, त्या माणसाला चपलांशिवाय कुठे बघता येत नाही. संतोषला कळव की त्याचं नाव कुठे येणार नाही. मी मेलो असं त्याने समजायला हरकत नाही, मी त्याला मेला समजणार नाही. आईला मी रविवारी फोनवर सांगेन. तिला दर पंधरा दिवसांनी भेटत जा, तेवढं सासऱ्यांकडून मागून घे. बाकी काही मागू नकोस.

मला भेटायला येऊ नकोस. तुला समोर बघून मी काय बोलेन, याची मला खात्री नाही. पण लिहीत जा. भाताचं लिही, रियाच्या परीक्षेचं लिही, ती भाजी का टाकते ते विचारून लिही. सासऱ्यांनी वाचलं तरी चालेल असंच लिही.

सात वर्षांच्या पोरीला कुंपणाबाहेर उभी असलेली आई फार दिवस दिसू नये. उद्याच जा.

कळावे. पुढचं पत्र कडावहून यावं.

कपिल